प्रकल्प नोंदी: त्र्यंबक ते पैठण, वरच्या गोदावरीचं मॉडेल

६ जानेवारी २०२५

आज कामाला रीतसर सुरुवात झाली. प्रश्न फळ्यावर एका ओळीत लिहून ठेवला आहे: वरच्या धरणांतून पैठणसाठी पाणी सोडायचं ठरलं, तर ते कधी सोडल्यावर सगळ्यांत जास्त पोचतं, आणि त्यात कोणाचं किती कमी होतं?

खोरं ओळखीचं आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किमी. वर गोदावरीवर गंगापूर, दारणा खोऱ्यात दारणा आणि मुकणे, प्रवरेवर भंडारदरा आणि निळवंडे, मुळेवर बारागाव नांदूरचं धरण. मधे नांदूर मधमेश्वरचा बंधारा, आणि शेवटी नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. पाऊस मात्र जवळपास सगळा वरच्या टोकाला. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तो तीन हजार मिमीच्या घरात जातो आणि पैठणला सहाशे-सातशेवर थांबतो. म्हणजे पाणी पडतं एकीकडे आणि सर्वांत मोठा हौद बांधलाय दुसरीकडे. वरचे नाशिक-नगर आणि खालचा मराठवाडा यांच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथंच आहे, त्यामुळे नकाशाही इथूनच काढायला घेतला.

पाणीवाटपाचं मॉडेल करायला वीप (WEAP) ही संगणक प्रणाली निवडली. स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटची आहे आणि आपल्यासारख्या देशांतल्या ना-नफा गटांना परवाना मोफत मिळतो. स्वॅट (SWAT) या दुसऱ्या प्रणालीवरही चर्चा झाली. पण पाऊस पडल्यावर नदीत किती पाणी येईल हे सांगणं स्वॅटचं काम, आणि आमचा प्रश्न आलेलं पाणी कोणाकडे जातं हा आहे. वीपमध्ये धरण, नदी, कालवा, शहर असे ठिपके आणि रेघा काढायच्या, प्रत्येक मागणीला प्राधान्यक्रम द्यायचा, आणि प्रत्येक कालखंडाला प्रणाली वाटपाचं गणित सोडवते.

पहिलं काम म्हणून पाणीवर्ष १ जुलैपासून लावून घेतलं. प्रणालीत मुळात ते जानेवारीपासून असतं. आपल्याकडे खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. वर्ष जानेवारीत तोडलं असतं तर रब्बीचे दोन तुकडे झाले असते.

९ जानेवारी

मॉडेल पहिल्यांदा चालवलं, त्या पहिल्या धावेत गंगापूर धरण जायकवाडीच्या जवळजवळ दुप्पट निघालं. चूक माझी. नाशिककडचे तक्ते दशलक्ष घनफुटात (दलघफू), पैठणकडचे दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी). गंगापूर ५,६३० आणि जायकवाडी २,९०९, दोन्ही आकडे मी एकाच रकान्यात भरले. १,००० दलघफू म्हणजे १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) आणि १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. हे पाठ असूनही तास दीड तास गेला. आता सगळी फाइल दलघमीत आहे आणि टीएमसीचा रकाना फक्त छापताना दाखवायला ठेवला आहे.

जायकवाडी: एकूण २,९०९, उपयुक्त २,१७१, मृतसाठा (कालव्याला न मिळणारं तळाचं पाणी) ७३८ दलघमी.

चूक सोडवताना आणखी एक सापडलं. जुन्या एका अहवालात गंगापूरची क्षमता ७,२०० दलघफू आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. ७,२०० बांधणीचा, ५,६३० गाळ बसल्यानंतर फेरसर्वेक्षणातला. १,५७० दलघफू जागा गाळाने खाल्ली. जुनी पातळी-साठा सारणी (कुठल्या पातळीला किती साठा, तो तक्ता) तशीच टाकली असती तर संगणकाने त्या गाळातलं पाणीही इमानेइतबारे वाटून दिलं असतं. प्रत्येक धरणाच्या सारणीपुढे सर्वेक्षणाचं वर्ष लिहायचं असं आज ठरलं. ज्या सारणीला वर्ष नाही ती वापरायची नाही.

२१ जानेवारी

दोन दिवस आवकेवर गेले. नाथसागरात रोज किती पाणी आलं हे कोणी थेट मोजत नाही, उलट गणिताने काढावं लागतं: साठ्यातला फरक, अधिक कालव्यांत आणि नदीत सोडलेलं, अधिक उपसा, अधिक बाष्पीभवन. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात जानेवारीतल्या काही दिवसांची आवक उणे आली आणि दुसऱ्याच दिवशी दीड-दोन हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट), तेही कोरड्या महिन्यात.

कारण पातळीच्या मोजपट्टीत निघालं. जलाशय भरलेला असताना पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किमीच्या आसपास असतो. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ३५ लाख घनमीटर. ते एका दिवसात आलं असं धरलं तर सुमारे १,४३० क्युसेक होतात. वाऱ्याने पाणी भिंतीकडे बोटभर ढकललं किंवा पट्टी वाचणाऱ्याने लाटेचा वरचा काठ धरला, की कागदावर एक नदी उगवते. दुसऱ्या दिवशी वारा पडला की ती आटते.

सात दिवसांची सरकती सरासरी लावली. पुराच्या दिवसांत ती लावायची नाही, तिथे खरा उंचवटा बोथट होतो.

३० जानेवारी

नोंदवह्यांची छायाचित्रं टंकून घेणं चालू. एका कार्यालयाकडून मागितलेल्या सहा वर्षांपैकी दोन वर्षांची पानं अशी आली की आकड्याच्या जागी शाईचा डाग आहे. पुन्हा अर्ज केला. तोवर ती दोन वर्षं मॉडेलमध्ये कोरी आहेत, अंदाजाने भरणार नाही.

७ फेब्रुवारी

आजची नोंद लांबेल.

वीपमध्ये प्रत्येक मागणीपुढे प्राधान्यक्रमाचा एक छोटा चौकोन असतो. १ म्हणजे सगळ्यांत आधी, ९९ म्हणजे सगळ्यांत शेवटी. काहीच लिहिलं नाही तर सगळ्या मागण्या १ वर असतात आणि धरणं भरून ठेवणं ९९ वर. पहिल्या धावेत मी चौकोनांना हातच लावला नव्हता. तर खोऱ्यातल्या प्रत्येकाची गरज सारख्या टक्क्याने भागली. वरच्या निफाडच्या द्राक्षाला जेवढे टक्के, तेवढेच खालच्या गेवराईच्या कपाशीला. वरची धरणं दर महिन्याला आपणहून पाणी सोडत होती. कोणाचा आदेश नाही, मोर्चा नाही, कोर्टाची तारीख नाही.

मग वरच्यांना १ आणि खालच्यांना २ दिले. तुटीच्या वर्षात चित्र पालटलं. वर सगळं भागलं आणि उरलं ते खाली आलं. दुष्काळात उरलंच नाही.

या दोन धावांत पाऊस तोच, धरणं तीच, पिकं तीच. बदलला फक्त चौकोनातला एक आकडा. माझा निफाडचा सहकारी वरच्या भागाची सगळी माहिती गोळा करतो. बराच वेळ पडद्याकडे बघून तो म्हणाला, "ताई, हा आकडा आपण कुठल्या अधिकारात टाकतोय?" प्रश्न रास्त आहे. पन्नास पानी अहवालात हा आकडा परिशिष्टाच्या तळाशी जातो, आणि वाचणारा आलेख बघून म्हणतो की संगणकानेच असं सांगितलंय. निदान आमच्या अहवालात तो पहिल्या पानावर राहील.

खरी पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचं कलम १२(६)(ग) सांगतं की तुटीचा भार सगळ्यांनी सारखा उचलावा, आणि ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतली उपयुक्त पाण्याची टक्केवारी, खरीप वापर धरून, साधारण सारखी राहील असं नियंत्रण करावं. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालाने त्याला तक्त्याचं रूप दिलं. जायकवाडी एवढे टक्के असेल तर वरच्या प्रत्येक धरणात जास्तीत जास्त किती ठेवायचं, असा तो तक्ता. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या वर असेल तर वरून सोडायचं नाही. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ते लागू केलं आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कायद्याचं हे कलम उचलून धरलं.

म्हणजे वर्षभर प्राधान्यक्रम वरच्यांचा, आणि ऑक्टोबरअखेरच्या हिशोबासाठी १५ ऑक्टोबरचा साठा धरून एकदा तराजू लावायचा. मॉडेलमध्ये हे चौकोनात बसत नाही. प्रत्येक धरणाच्या राखीव साठ्याला त्या तारखेची अट लिहावी लागली.

१२ फेब्रुवारी

"खरीप वापर धरून" हे तीन शब्द मी परवा वाचले आणि पुढे गेले. ती चूक होती, आज सगळं परत करावं लागलं.

नुसता साठा बघितला तर जो खरिपात कालवे चालवून धरण रिकामं करेल तो १५ ऑक्टोबरला गरीब दिसेल आणि ज्याने पाणी राखलं तो श्रीमंत. ते होऊ नये म्हणून खरिपात वापरलेलं पाणी परत त्याच धरणाच्या खात्यात मिळवायचं. आता प्रत्येक धरणाला १ जुलैला शून्यावर येणारा मोजणीचा रकाना जोडला आहे. कायदा लिहिणाऱ्याने इथे फार बारकाईने विचार केलाय हे गणित करताना कळलं. वाचताना कळलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

पारखायला २०२३ चं वर्ष घेतलं. पावसाने ओढ दिलेली, जायकवाडी निम्म्याच्या खाली. ३० ऑक्टोबरला आदेश निघाला: एकूण ८.६०३ टीएमसी सोडायचे. मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५, दारणा समूह २.६४३. प्रत्यक्ष पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

मॉडेलमध्ये हा आदेश घातला. ८.६०३ सोडले, ८.६०३ पोचले. त्याच महिन्यात, थेंबही न गळता.

दोन दोष आहेत. एक, महिन्याचा कालखंड. सगळ्या धरणांचे मिळून १०,००० क्युसेक धरले तरी एवढं पाणी जायला दहा दिवस लागतात, आणि ते दहा दिवस महिन्याच्या एका आकड्यात गडप होतात. कालखंड दिवसाचा केला. दोन, वहनव्यय, म्हणजे वाटेत जिरणारं आणि उडणारं पाणी. प्रणालीत नदीच्या प्रत्येक तुकड्याला तूट टक्क्यांत देता येते. सगळे अहवालही टक्क्यांतच बोलतात. पण कोरड्या नदीला टक्के कळत नाहीत. आधी ती स्वतःचं पोट भरते.

५ मार्च

पैठणच्या नाथषष्ठीच्या गर्दीआधी नदी बघून घ्यावी म्हणून सकाळी लवकर निघालो. सोबत अण्णा होते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मोजमाप सगळं डोळ्यांत आहे त्यांच्या.

प्रवरेवरचा एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत लोखंडी दारं एकावर एक चढवलेली. दारांच्या फटींत काळं प्लॅस्टिक आणि गवत कोंबलेलं. वरच्या अंगाला हिरवं, न हलणारं पाणी. काठावर मोटारींची रांग, एकेका शेतकऱ्याचा एकेक पाइप, पाण्याच्या कडेला चिखलात रुतलेला. खालच्या अंगाला बंधाऱ्याच्या पायापासून वाळू. वाळू तरी कसली, वाळू उपसून राहिलेले खड्डे. एका खड्ड्यात अण्णा उतरले तर छातीपर्यंत खड्ड्यात.

"हे बघा," ते म्हणाले. "दारं कधी टाकतात? पाऊस सरला, ऑक्टोबरचा अर्धा गेला की. तेच तुमच्या पाण्याच्या हिशोबाचे दिवस. दारं टाकायच्या आधी पाणी आलं तर सरळ निघून जातं. दारं पडल्यावर आलं की एकेक दार काढावं लागतं, आणि ज्याच्या भरवशावर कांदा लावलाय तो काढू देत नाही. त्याचं तरी काय चुकलं?"

मोटारीजवळ एक शेतकरी बसला होता. २०२३ ला पाणी सुटलं तेव्हा काठावरची वीज बंद केली होती, त्याचा गहू त्या दिवसांत तहानेला आला. "आमच्या दारावरनं पाणी चाललंय आणि आम्ही बघायचं," एवढंच म्हणाला. त्याने चहा पाजला. मी त्याला पैठणच्या खालची गोष्ट सांगायला गेले नाही. ती त्याला माहीत आहे.

डोहाची लांबी पावलांनी मोजली, खोली दोरीला दगड बांधून सात ठिकाणी घेतली.

११ मार्च

बंधाऱ्याची युक्ती जमली. प्रत्येक डोह आणि खड्ड्यांचा पट्टा मॉडेलमध्ये एक चिमुकलं धरण म्हणून टाकला आणि भरण्याचा क्रम जायकवाडीच्या आधीचा दिला. आता वरून पाणी सुटलं की पहिले काही दिवस खाली काहीच जात नाही, डोह भरतात. ते भरले की पाणी पुढे सरकतं आणि तिथून पुढे टक्क्याची तूट लागू होते. शिवाय "दारं बसलेली" आणि "दारं काढलेली" अशी कळ ठेवली आहे.

तोच ८.६०३ चा आदेश दोनदा चालवला. एकदा १५ ऑक्टोबरच्या आत-बाहेर, दारं पडायच्या आधी, नदी अजून ओली असताना. एकदा नोव्हेंबरच्या शेवटी, दारं बसलेली, नदी सुकलेली. नांदूर मधमेश्वरच्या खाली, नागमठाणला येणारा प्रवाह आणि पुढे प्रवरा मिळते तिथे, कायगाव टोक्याला येणारा प्रवाह, दोन्ही ठिकाणी ऑक्टोबरचा आलेख आधी उठतो आणि उंचही जातो. नोव्हेंबरच्या धावेत सगळ्यांत मोठी तूट प्रवरेवर आहे, कारण बंधारे तिथे एकापाठोपाठ एक आहेत.

धरणातून सुटतं तेवढंच पाणी दोन्हींत. उशिराच्या प्रत्येक आठवड्यात जे हरवतं ते निफाडलाही मिळत नाही आणि पैठणलाही नाही. भांडणाचे ते आठवडे मोजायला हे मॉडेल उपयोगी पडलं तरी मला पुरे आहे.

१८ मार्च

सहकाऱ्याने आज बाष्पीभवनाचा मुद्दा काढला आणि तो बरोबर आहे. एकूण साठा भागिले पसारा केलं तर नाथसागराची सरासरी खोली सव्वाआठ मीटर येते. एवढं उथळ पाणी, वर मराठवाड्याचं ऊन. पसारा भरलेला असताना रोजचा एक मिलिमीटर उडाला तरी साडेतीन लाख घनमीटर गेले. तेच पाणी भंडारदऱ्याच्या डोंगरातल्या खोल दरीत राहिलं तर त्याचा थोडाच भाग उघडा असतो. "मग वरच ठेवावं आणि लागेल तसं सोडावं," त्याचं म्हणणं.

मी दोन तास त्याच्याशी वाद घातला आणि मग ते चालवून बघितलं. वर ठेवण्याने वाचतं हे खरं. पण लागेल तसं सोडायचं म्हणजे जानेवारीत, मार्चमध्ये, कोरड्या नदीतून, दर वेळी डोह नव्याने भरत. बाष्पीभवनात वाचवलेलं नदी खाऊन टाकते. तिसरी गोष्ट मॉडेलमध्ये बसत नाही: वर राहिलेलं पाणी मागितल्यावर खाली येईलच हा भरवसा. तो भरवसा कुठल्या चौकोनात लिहायचा ते आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. त्याचा मुद्दा आणि माझा, दोन्ही अहवालात शेजारी-शेजारी जातील.

२ एप्रिल

मेंढेगिरी तक्त्याचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे यांच्या अभ्यासगटाने, जायकवाडी किती भरलं की वरून सोडायचं नाही यासाठी, ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली आहे. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. २,१७१ चे सात टक्के १५२ दलघमी, म्हणजे ५.३७ टीएमसी. गाळ धरून आजचं जवळपास सगळं गंगापूर धरण. वर्तमानपत्रात ही बातमी टक्क्यांतच येते, त्यामुळे वर दिलासा वाटतो आणि खाली नुसती धास्ती. आलेखावर मी टक्के काढून टाकले.

१२ एप्रिल

डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या एका पाणीवापर संस्थेत मॉडेल दाखवलं. मारुतीच्या देवळाचा मंडप, भिंतीला पांढरी चादर, तीस-पस्तीस माणसं. माझ्या आजोबांची जमीन याच भागात होती, त्यामुळे बोलताना घसा दोनदा दाटला.

टीएमसीचा आलेख सगळ्यांनी शांतपणे बघितला. मग मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, टीएमसी ऱ्हाऊ द्या. पाळ्या किती?"

तिथेच पाटीवर गणित मांडलं. कालवा १,००० क्युसेकने २० दिवस चालला तर एका पाळीला, म्हणजे आवर्तनाला, १.७३ टीएमसी लागतात. ५.३७ म्हणजे अशी तीन आवर्तनं. पण ती कालव्याच्या तोंडाशी, पैठणला. डावा कालवा २०८ किमी लांब आहे. तीनपैकी यांच्या चारीत (शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटात) किती दिवस पाणी उभं राहतं ते माझ्या मॉडेलमध्ये नव्हतंच, ते कालव्याच्या तोंडाशी संपत होतं. तीन महिने मी धरणाच्या वरचा प्रत्येक डोह मोजला आणि खालचा सगळा कालवा एका ठिपक्यात भरला.

अण्णांनी आलेखाचा कागद उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीने वर्ष, आवर्तन, फाट्यावर (कालव्यातून फुटणाऱ्या शाखेवर) पाणी आलेली तारीख आणि गेलेली तारीख असे चार रकाने आखले. एका तरुणाने घरून जुनी वही आणली. त्याचे वडील चारीवर पाणी आलं की भिंतीच्या दिनदर्शिकेवर गोल करायचे, आणि वर्ष संपलं की ते वहीत उतरवायचे. अकरा वर्षांच्या तारखा आहेत. ज्या दोन वर्षांची सरकारी पानं शाईत बुडाली होती, ती दोन्ही वर्षं त्यात आहेत.

रात्री साडेनऊपर्यंत टंकल्या. पहिली ओळ २०१२ च्या रब्बीची: चारीला पाणी नाही.

उद्यापासून कालवा फाट्या-फाट्याने तोडायचा.